पंधरा वर्षांतून एकदा

गेल्या मार्गशीर्षात एका स्नेह्यांच्या घरी लग्न होते. त्या निमित्ताने खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे दोन दिवस मुक्काम घडला. कार्य यथासांग पार पडले. दुसऱ्या दिवशी शेगावी जाऊन श्रींच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि तेथूनच सायंकाळची आगगाडी धरावी, असा बेत ठरला. यजमानांनी मोठ्या अगत्याने आपली मोटार देऊ केली. अठरा वर्षांची, पण निगुतीने ठेवलेली छोटी गाडी. चालवणार यजमानांचे पुतणे. आत आम्ही उभयता, यजमानांच्या वृद्ध मातोश्री, धाकटी सून आणि तिच्या मांडीवरचे लहानगे. निघण्यापूर्वी चाकांत हवा भरून घ्यावी म्हणून गाडी गावातल्याच एका मेकॅनिकच्या दुकानापुढे उभी केली.

हवा भरता भरता तो तरुण पुढच्या डाव्या चाकाशी थबकला. चाक पूर्ण वळवायला सांगून त्याने बॅटरीचा झोत मडगार्डच्या आत टाकला, हात घालून चाचपले आणि पुतण्यांकडे पाहून म्हणाला, "भाऊ, गाडी नका नेऊ आज. स्प्रिंग तुटेल हाये."

आम्ही वाकून पाहिले. चाकावरच्या जाड गुंडाळीदार स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे वाटीपाशी तुटून सरकले होते आणि त्याचे टोक टायरपासून जेमतेम बोटभर अंतरावर आले होते. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तांबेरलेला, अर्धा चकचकीत. म्हणजे तडा जुना होता, घाव तेवढा ताजा. यजमान धावत आले आणि ओशाळून म्हणाले, "महिनाभर वळवताना टणकन आवाज यायचा खरा, पण चालत होती."

'पण चालत होती' हे तीन शब्द मनात रुतून बसले. या अंकात त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

यजमान निष्काळजी गृहस्थ नव्हेत, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. गाडीचा विमा चालू होता, धुराचे प्रमाणपत्र चालू होते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे रीतसर नूतनीकरण होऊन आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली होती आणि त्यातील दोन वर्षे अद्याप शिल्लक होती. रस्त्यात कोणत्याही अधिकाऱ्याने गाडी अडवली असती तरी कागदांत एकही उणीव सापडली नसती. कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी निर्दोष असलेली ती मोटार एका खड्ड्यासरशी टायर फाडून घेण्याच्या बेतात होती. नूतनीकरणाच्या वेळी स्प्रिंग धड असेलही. त्या तपासणीवर ठपका ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु एका तपासणीनंतर पुढची पाच वर्षे कोणीच आत डोकावायचे नाही, ही व्यवस्था कोणाच्या हिताची?

स्प्रिंग का तुटते हे समजून घेतले तर या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. गाडीचा सारा भार या पोलादी वेटोळ्यांवर तोललेला असतो. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग उघडते, उंचवट्यावर चढले की दबते. एका प्रवासात असे हेलकावे हजारो वेळा होतात. त्यासाठी सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमयुक्त विशेष पोलाद वापरतात, त्याला पाणी देऊन कणखर करतात, पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून तो घट्ट करतात आणि वर रंगाचे कवच चढवतात. जोवर हे कवच शाबूत आहे तोवर स्प्रिंग वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही. रस्त्यावरची खडी उडून कवचाचा टवका गेला, की त्या जागी ओल शिरते, तांबेरा धरतो, टाचणीच्या टोकाएवढा खळगा पडतो आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक त्या खळग्यातून तडा केसाकेसाने पुढे सरकतो. स्प्रिंगचे खालचे टोक ज्या वाटीत बसते तेथे चिखल आणि पाणी साचून राहते. म्हणून बहुतेक वेळा घाव तेथेच पडतो, आणि तेथेच तो बाहेरून दिसत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की स्प्रिंग तुटली म्हणून गाडी थांबत नाही. ब्रेक निकामी झाला तर चालकाला तत्क्षणी कळते. टायर बसला तर शेजारून जाणारा सायकलस्वारही हाक मारून सांगतो. स्प्रिंगचे तसे नाही. अनेकदा ती अंगणात गाडी वळवताना किंवा उभ्या गाडीतही टणकन मोडते. उरलेली वेटोळी भार पेलतात, गाडी एका अंगाला बोटभर झुकते आणि मालक म्हणतो, जुनी झाली आता. पुढे केव्हातरी भरल्या गाडीने, भरवेगात, एखाद्या खोल खड्ड्यात ते टोक बाहेर सरकते आणि टायरच्या आतल्या अंगात घुसते. पुढचे चाक अकस्मात बसले तर गाडी कोणत्या दिशेला ओढली जाईल हे चालकाच्या हाती राहत नाही. समोरून ट्रक येत असेल तर काय होईल, ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना हे वर्णन थोडे अपरिचित वाटेल, कारण त्यांच्या पिढीने ओळखली ती पाट्यांची कमान. टांग्याला कमानी असत, जीपला पाटे, ॲम्बॅसिडरच्या मागच्या चाकांवर पाटे आणि एस.टी.लाही पाटेच. एकावर एक रचलेल्या पात्यांतील एखादे मोडले तर बाकीची काही काळ भार वाहत. पाटा तुटला की मागचा भाग ठळकपणे खाली बसे, कुरकुर ऐकू येई आणि चालक गाडी बाजूला घेई. अर्थात पाटेही अगदीच निरुपद्रवी नव्हते. पात्यांना एकत्र जखडणारा मधला बोल्ट तुटला तर आखच मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी धावू लागते. फियाटच्या म्हणजे पुढे पद्मिनी झालेल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्याच. परंतु त्या घरोघर आल्या त्या १९८३ साली अवतरलेल्या मारुतीपासून. मोटार हलकी झाली, प्रवास मऊ झाला. मात्र भार पेलणारा घटक चाकागणिक एकुलता एक उरला आणि तो मडगार्डच्या अंधारात गेला. शहाणपण मात्र आपण पाट्यांच्या काळातलेच ठेवले: आवाज आला तर पाहू.

पाट्यांची गोष्ट निघालीच आहे, तर एक आठवण सांगतो. वऱ्हाडात कुऱ्हाड आणि विळे घडवणारे लोहार व घिसाडी जीपचा मोडका पाटा हौसेने विकत घेतात. त्याच्या पोलादाला धार टिकते. पण तो पाटा भट्टीत लाल झाला की त्याचे पाणी उतरते, आणि पुन्हा पाणी दिल्याखेरीज त्यात जीव येत नाही, हे त्या निरक्षर कारागिराला आजोबांच्या वेळेपासून ठाऊक असते. याउलट तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंगचा टाका मारून गाडी परत रस्त्यावर आणणारे महाभाग आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणीही आढळतात. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेचे पाणी उतरते. पुढचा घाव तेथे किंवा त्याच्या शेजारीच पडणार, हे लोहाराला विचारले असते तरी कळले असते. दोन वेटोळ्यांच्या मध्ये रबरी ठोकळा घुसवून उंची वाढवणे, भार अधिक वाहता यावा म्हणून एक पाटा जादा चढवून घेणे, हे याच जातीचे उपाय. पाटा वाढवला तरी आख, ब्रेक आणि टायर आहेत तेवढेच राहतात, ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही.

आता रस्त्यांकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याची बरीचशी भूमी काळ्या कसदार मातीची. कापसाला ती वरदान; रस्त्याला मात्र शाप. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा डांबरी थर त्याबरोबर वर-खाली होतो, कडा ढासळतात आणि नवा कोरा रस्ताही दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. त्यात गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून सुखरूप उतरते. प्रत्यक्षात रुंदी हातभर आणि उंची वाटेल तेवढी, असे सिमेंटचे उंबरे आपण ओलांडत असतो. खामगावहून बुलढाण्याकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो, मोताळ्याकडून येताना राजूरचा. घाटातल्या वळणावर गाडीचा भार एका अंगाच्या चाकांवर येतो, आणि आधीच तडकलेल्या स्प्रिंगची परीक्षा नेमकी तेथे होते.

अशा रस्त्यांवर कोणत्या गाड्या धावतात? पुण्या-मुंबईच्या कुटुंबाने आठ-दहा वर्षे वापरून विकलेली मोटार जिल्ह्याच्या गावी येते, तेथून तालुक्याला आणि तेथून खेड्यात. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हा तिकडच्या कितीतरी गाड्या ना-हरकत पत्रे घेऊन अन्य राज्यांत गेल्या. (२०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून होणाऱ्या कारवाईला काही प्रमाणात आवर घातला, हेही येथे सांगितले पाहिजे.) गाडीचे वय वाढत जाते तसतशी ती अधिकाधिक वाईट रस्त्यांकडे आणि अधिकाधिक माणसे वाहण्याकडे सरकते. पाच जणांच्या गाडीत आठ जण, शिवाय टपावर बोजा, हे लग्नसराईतले आणि यात्रेच्या दिवसांतले चित्र आपण सारेच पाहतो. आपल्या कार्यकर्त्यांचे प्रवास तरी कशाने होतात? बैठकीला, वर्गाला, कोणाच्या आजारपणाला रात्री-अपरात्री धावायचे असते तेव्हा कोणातरी हितचिंतकाची अशीच जुनी व्हॅन किंवा जीप हक्काने मागून नेली जाते. मागून नेलेल्या गाडीची चाके वाकून पाहणे आपल्याला संकोचाचे वाटते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये प्रवासी आणि मालवाहू व्यवसायाच्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. काळी-पिवळी जीप जुनी झाली की तिची दरवर्षी तपासणी व्हावी, असा हा नियम. खासगी मोटारीला मात्र नोंदणीच्या दिवसापासून १५ वर्षे तपासणीच नाही. त्यानंतर एकदा, आणि पुढे दर पाच वर्षांनी. या अवधीत दरवर्षी तपासला जातो तो फक्त धूर. ग्रामीण भागात खासगी क्रमांकाच्या कित्येक गाड्या भाड्याने माणसे वाहतात हे उघड गुपित आहे. काम काळी-पिवळीचे आणि तपासणी घरच्या गाडीची, असा हा प्रकार.

व्यवसायाच्या गाड्यांच्या तपासणीचीही आपल्या राज्यात कशी दैना होती ते पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेमुळे चव्हाट्यावर आले. ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा सरळ मार्ग हवा, तो नसेल तेथे योग्यता प्रमाणपत्र देऊ नये, इथपर्यंत न्यायालयाला सांगावे लागले. जेथे ब्रेकची ही अवस्था, तेथे स्प्रिंगला कोण विचारतो? आता यंत्रांद्वारे तपासणी करणारी केंद्रे येत आहेत ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्यांतील यंत्रे ब्रेकचा जोर आणि चाकांचा तोल अचूक मोजतात. परंतु वाटीत दडलेला तडा पाहायला गाडी वर उचलून, खाली उभे राहून, बॅटरीच्या झोतात डोळे घालणारा माणूसच लागतो. केंद्र उभारताना खर्च यंत्रांवर होतो. त्या माणसाच्या शिक्षणावर होईल काय?

केंद्र सरकारने १३ ऑगस्ट २०२१ रोजी वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. पाठोपाठ १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. धोरणामागचा हेतू चांगला आहे. जीर्ण गाड्या रस्त्यावरून हटल्याच पाहिजेत. तथापि एक शंका नम्रपणे मांडणे भाग आहे. शेतकरी किंवा शाळामास्तर पाच हजारांचे शुल्क भरतो तेव्हा त्याला शिक्का मिळतो. त्याच पाच हजारांत पुढच्या पाच वर्षांत चार-पाच वेळा गाडी वर उचलून पाहिली गेली असती, तर त्याला सुरक्षितता मिळाली असती. बारा वर्षांची हेळसांड झालेली गाडी वीस वर्षांच्या सांभाळलेल्या गाडीहून अधिक घातक असू शकते. वयाचा आकडा कागदावर वाचता येतो, म्हणून राज्ययंत्रणेला तो सोयीचा वाटतो.

उत्पादकाच्या दोषाबद्दलही कायद्याने आता हात पुढे केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या ११०-अ या कलमान्वये सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते आणि १ एप्रिल २०२१ पासून तशी नियमावलीही लागू आहे. दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत. परंतु ही तरतूद सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरतीच आहे. स्प्रिंगचे दुखणे बहुधा त्यानंतर वर येते. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत खासगी मोटार उत्पादकाच्या उत्तरदायित्वातून सुटलेली असते आणि शासनाच्या तपासणीत शिरलेली नसते. नेमक्या याच काळात ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे जाते.

अन्य देशांत काय करतात? ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांवरील मोटारींची वार्षिक तपासणी सक्तीची केली आणि काही वर्षांतच ती मर्यादा तीन वर्षांवर आणली. तेथे मोडलेली स्प्रिंग आढळली तर गाडी नापास होते, आणि निलंबन यंत्रणेतील दोष हे नापास होण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात, ते स्प्रिंगांना खाते, हे त्यांचे दुखणे. आपल्याकडे कोकणची खारी हवा आहे आणि वऱ्हाडचा चिखल व खड्डे. जर्मनी व जपानमध्ये नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. रस्ते आपल्याहून शतपटीने चांगले असताना ही दक्षता, हे विशेष. परक्यांचे सारेच उचलावे असे आमचे मत कधीच नव्हते. पण जेथे विवेक दिसतो तेथून तो घेण्यात कमीपणा कसला?

या सर्वांवर एक आक्षेप येईल की स्प्रिंग तुटून असे कितीसे अपघात होतात? आक्षेप गैर नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले. वेग हे मोठे कारण आहे यात वाद नाही. मात्र टायर फाटून उलटलेल्या गाडीचा पंचनामा होतो तेव्हा टायर कशाने फाटला, हे चाकाच्या आत पाहून कोण लिहितो? १ जुलै २०२३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा कोळसा झाला. टायर फुटला की चालकाचा ताबा सुटला, यावर तेव्हा किती वाद माजला ते वाचकांना स्मरत असेल. त्या दुर्घटनेशी स्प्रिंगचा संबंध जोडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. सांगायचे इतकेच, की एवढ्या मोठ्या अपघातातही यांत्रिक कारणाचा वाद मिटवणे जड गेले. मग घाटात उलटलेल्या एखाद्या जुन्या मोटारीची चौकशी किती खोलवर जात असेल? समृद्धीवर त्या वर्षी प्रवेशापाशी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत फिरवण्याची मोहीम परिवहन विभागाने राबवली, ती स्तुत्य होती. टायर पाहायला वाकलेला अधिकारी आणखी वीतभर आत पाहू शकला असता.

कायद्यातील आणखी एक कलम आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते थेट आपल्याशी बोलते. कलम १९० म्हणते की गाडीतील धोकादायक दोष ठाऊक असताना, किंवा सामान्य काळजी घेतली असती तर जो ठाऊक झाला असता असा दोष असताना, गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणारा अथवा चालवू देणारा दोषी ठरतो. अपघात घडला तर तीन महिन्यांपर्यंत कारावासही होऊ शकतो. म्हणजे 'मला माहीतच नव्हते' हा बचाव पुरेसा नाही. महिनाभर टणकन आवाज ऐकू येत असेल तर मुळीच नाही.

ही सामान्य काळजी घेणे अवघडही नाही. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना सुताराच्या टेपने मोजावे. दोहोंत बोटभर फरक पडला तर मेकॅनिक गाठावा. पुढची चाके एका अंगाला पूर्ण वळवून बॅटरीच्या झोतात स्प्रिंगचे खालचे वेटोळे पाहावे; त्याचे टोक वाटीत नीट टेकलेले असते, तुटलेले टोक ओबडधोबड आणि सरकलेले दिसते. टायर आतल्या कडेनेच झिजत असेल, वळताना धातूचा आवाज येत असेल, खड्ड्यात एकच बाजू आदळत असेल, तर ते दुर्लक्षू नये. स्प्रिंग बदलायची ती नेहमी जोडीने, कारण एका अंगाला नवी आणि दुसऱ्या अंगाला दमलेली असली तर ब्रेक मारताना गाडी ओढली जाते. आणि काढण्याचा उद्योग घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव घेते. त्यासाठी दाबून धरणारे खास हत्यार असते आणि ते वापरणारा जाणता हात लागतो.

शासनाकडे मागणी करायची तर ती परवडणारी असावी. आठ वर्षांवरील प्रत्येक खासगी मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी उद्याच सुरू करा, असे म्हटले तर खेड्यापाड्यांत दलालांचा एक नवा वर्ग तेवढा उभा राहील. आम्ही तसे म्हणत नाही. परिवहन कार्यालयाची तालुक्यांत शिबिरे भरतात. तेथे गाडी चढवून खालून पाहता येईल असा एक साधा चौथरा बांधावा. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांचे विद्यार्थी आणि गावचे अनुभवी मेकॅनिक एकत्र बसवून ऐच्छिक तपासणीची चिठ्ठी देता येईल: स्प्रिंग, पाटे, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायर. तीत दंड असू नये आणि शिक्काही नसावा. नूतनीकरणाच्या वेळी अशा चार वर्षांच्या चिठ्ठ्या दाखवणाऱ्याला शुल्कात सवलत मिळाली, तर लोक आपणहून येतील. सक्तीचा विचार त्या अनुभवानंतर करता येईल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदमळणी होते. जुवाखाली घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकले जाते. वर्षभर भार वाहणाऱ्याचा खांदा वर्षातून एकदा तरी धन्याने स्वतःच्या हाताने चाचपून पाहिला, असा त्याचा अर्थ. आता बैलांची जागा मोटारींनी घेतली आहे. दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच वेळी दोन मिनिटे गुडघ्यांवर बसून चाकाच्या आतही पाहावे, बॅटरी घरच्या मुलाच्या हाती द्यावी आणि टेपने दोन्ही बाजू मोजून आकडे गाडीच्या कागदांतच लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या दसऱ्याला फरक कळेल.

पिंपळगाव राजाला त्या दिवशी काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन्ही पुढच्या स्प्रिंगा खामगावहून मागवाव्या लागल्या, त्या सायंकाळी आल्या. खर्च साधारण एका नव्या टायरच्या मागेपुढे झाला. आम्ही एस.टी.ने शेगावी गेलो. मातोश्री मात्र थांबल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी पुतण्यांनी त्याच गाडीतून दर्शनाला नेले. तुटलेले वेटोळे मेकॅनिकने दुकानाच्या दारातल्या खिळ्याला टांगून ठेवले आहे, आणि हवा भरायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवतो.